किट लेन्सनंतर कोणती?

प्रश्न : कॅनन १५००डी आणि त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची (किट) लेन्स वापरते. घरच्या गणपतीत आरतीचे फोटो हटकून हललेले येतात. हॉल १० बाय १२ फुटांचा आहे. जो तो ५० एमएम एफ १.८ घ्यायला सांगतो. घेऊ का? (परळ)

उत्तर : चेहऱ्यांसाठी घ्या. आख्खी आरती त्यात मावेल या आशेवर घेऊ नका.

आधी फोटो का हलतात ते बघू. तुमची लेन्स ५५ वर फिरवली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ च्या पुढे उघडत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. समई आणि एका ट्यूबलाइटच्या उजेडात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ला नेऊनही शटर १/३० सेकंदाच्या आसपास अडकतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, टाळ्या पिटणारी पोरं नाही. एफ १.८ ला ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे त्याच आयएसओवर शटर १/२५० ला जातं आणि टाळीसुद्धा थांबते.

आता जागेचं गणित. १५००डीचा सेन्सर छोटा असल्यामुळे ५० ची लेन्स त्यावर ८० सारखी दिसते. उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभ्या फ्रेममध्ये घ्यायचा तर तुम्हाला साधारण १४ फूट मागे जावं लागेल. १२ फुटी हॉल, त्यात मखराने खाल्लेले दोन फूट. तुम्ही जिन्यात उभ्या राहाल. कॅननच्याच २४ एमएम एफ २.८ ने हेच काम सात फुटांत होतं. पण तिचा उजेडाचा फायदा फार नाही. किट लेन्स २४ वर असताना मुळात एफ ४ च्या जवळपास असते, म्हणजे मिळणार जेमतेम दुप्पट.

पैसे घालण्याआधी एक संध्याकाळ द्या. गेल्या वर्षीचे फोटो कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये घ्या, विंडोजमध्ये ‘डिटेल्स’ व्ह्यू लावा, वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘फोकल लेंथ’चा (लेन्सच्या एमएमच्या आकड्याचा) रकाना जोडा आणि त्यावर सॉर्ट करा. बहुतेक फोटो १८ ते २४ मध्ये सापडले तर ५० ची लेन्स कपाटातच राहील. मग किट लेन्सची रिंग २४ वर नेऊन त्यावर चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस तेवढ्यावरच फोटो काढा. नंतर पट्टी काढून ५५ च्या जरा अलीकडे लावा. घुसमट कुठे होते ते लगेच कळतं.

५० घेतलीतच तर सारखी १.८ वर ठेवू नका. पाच फुटांवरून १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोली शार्प येते: डोळा येतो, कान जातो. एका चेहऱ्याला २.८ बरं, शेजारी-शेजारी दोघांना ४. मखराच्या स्वस्त एलईडी माळांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

आणि सगळं कुटुंब एका फोटोत हवं असेल तर आमचं मत लेन्सकडे नाही, फ्लॅशकडे आहे. मान वर करता येणारा फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवा, एफ ४, १/१२५, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. समईचा पिवळा उजेड यात मारला जातो, ते मान्य. एक खाचखळगा आहे: १५००डीच्या हॉट-शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) मधली पिनच नाही, त्यामुळे तेवढ्या एका पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडत नाहीत. दुकानात आपलाच कॅमेरा घेऊन जा.

प्रश्न : फोर्टात बोरा बाजाराकडे जुनी ५० एमएम बघायला जाणार आहे. काय तपासू? (मुलुंड)

उत्तर : मुंबईत पहिली शंका बुरशीची. मागची टोपी काढा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा काचेवर दुधी पापुद्रा दिसला तर लेन्स परत द्या, भाव कितीही पाडला तरी. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी डाग राहू शकतो. धुळीचे चार कण मात्र चालतात, त्यावरून घासाघीस तेवढी करा.

कॅननची ‘एसटीएम’ लिहिलेली ५० असेल तर हातात धरून फोकस रिंग फिरवण्यात अर्थ नाही. तिचा फोकस मोटरवर चालतो, कॅमेऱ्यावर लावल्याशिवाय हलत नाही. कॅमेऱ्यावर लावून भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे २.८ आणि ५.६ ला फोटो काढा, चारही कोपरे मोठे करून बघा. ५.६ लासुद्धा एकच बाजू पुसट राहिली तर आतली काच सरकलेली असू शकते; पण कॅमेरा तिरका धरला नव्हता ना, हे एकदा पडताळा. मग पेपर टेबलावर आडवा ठेवून तिरक्या कोनातून १.८ ला एका ओळीवर फोकस करा. शार्प ओळ दर वेळी पुढची किंवा मागची येत असेल तर ती लेन्स सोडा. १५००डीसारख्या साध्या बॉडीत ही चूक जुळवून घ्यायची सोय नाही.

घरी आणल्यावर चामडी पाकिटात ठेवू नका, ते दमट राहतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा.

प्रश्न : निकॉन डी३५०० ला स्वस्तातली ५० एमएम एफ १.८डी चालेल का? (डोंबिवली)

उत्तर : बसेल, पण ऑटोफोकस होणार नाही. या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि ‘डी’ लेन्समध्येही नाही. मोटर असलेली १.८जी घ्या. घरातल्या वापराला आम्ही ३५ एमएम एफ १.८जी डीएक्स सुचवू.

प्रश्न : शिवडीच्या फ्लेमिंगोंना कॅननची ५५-२५० लेन्स पुरेल? (वडाळा)

उत्तर : थव्याला पुरेल. १०० मीटरवरचा, ९० सेंटिमीटर उंचीचा पक्षी २५० वर आडव्या फ्रेमच्या उंचीचा सहावा हिस्साही भरत नाही. ४० मीटरवर तोच एक तृतीयांशाहून जास्त भरतो. म्हणून लेन्सपेक्षा भरतीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला पक्षी चिखलात लांब पांगतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. सकाळची भरती निवडा, कारण ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते आणि महागड्या लेन्सचाही फोटो मऊ येतो. उडत्या पक्ष्याला शटर १/१००० च्या खाली नेऊ नका.