गिरणीच्या फाटकासमोरचा वडापाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साचेखात्यात कामाला होते. गिरणीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका मामांची वडापावची गाडी होती आणि पाळी सुटली की तिच्याभोवती उभे राहायलाही जागा नसे. आता गिरणी नाही, मामाही नाहीत, आणि मी गेली अनेक वर्षे डोंबिवलीत राहतो. निवृत्तीनंतर पत्नीने आणि मी तो वडा घरी करून पाहिला. लसूण वाढवली, आले कमी केले, चटणीत खोबरे भाजून घातले, परंतु ती चव काही येत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हाला वडा नको आहे, तुम्हाला लालबाग हवे आहे.’ त्याचे म्हणणे खरे आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याकडे मी नंतर वळतो. आपण ज्या वड्याची आठवण काढता तो खरोखरच वेगळा असणार. मात्र त्याचे रहस्य आपण मसाल्यात शोधत आहात, आणि तेथे ते सापडणार नाही. ते खपात होते.

तळलेल्या वड्याचे बेसनाचे आवरण कढईतून बाहेर आल्यावर काही मिनिटेच खुसखुशीत राहते. आतला बटाटा गरम आणि ओलसर असतो. त्याची वाफ बाहेर पडू पाहते, आवरणात मुरते आणि त्याला मऊ पाडते. गिरणीची पाळी सुटल्यावर जी झुंबड उडत असे तिच्यात वडा झाऱ्यावरून थेट पावात आणि पावातून थेट हातात जात असे. घाणा निथळेपर्यंत संपलेला असे. आज बहुतेक गाड्यांवर वडे आधी तळून परातीत रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा तेलात सोडून काढतात. दुसऱ्यांदा तळलेला वडा गरम होतो, कडकही होतो, परंतु त्याचे आवरण तेल पिते आणि आतला बटाटा कोरडा पडतो. कृती तीच असूनही पदार्थ निराळा होतो.

तेलाचेही तसेच. जेथे घाण्यामागून घाणा निघतो तेथे प्रत्येक वडा थोडे तेल घेऊन जातो, कढईत वरचेवर ताजे तेल ओतावे लागते, आणि म्हणून तेलाला जुने होण्यास वावच मिळत नाही. जेथे तासाला मोजके वडे जातात तेथे तेच तेल मंद आचेवर तापत राहते, काळे पडते, फेसाळते, आणि त्याचा कडवटपणा बेसनाला लागतो. पुढे १९९०च्या दशकात खाद्यतेलाची आयात खुली झाल्यावर स्वस्त पामतेल सर्वत्र आले आणि शेंगदाणा तेल गाड्यांवरून मागे हटत गेले, हाही फरक आहेच. परंतु माझ्या मते तेल कोणते यापेक्षा ते किती वेळ कढईत बसले आहे हे अधिक महत्त्वाचे आहे. पावाबद्दल तेच सांगता येईल. सकाळची लादी दुपारपर्यंत संपली तर संध्याकाळी भट्टीवरून नवी येते. संपली नाही तर तीच संध्याकाळी खपवली जाते.

तो खप कोठून आला आणि कोठे गेला, हे लालबागकराला मी सांगायला नको. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांमुळे गिरणगावात दिवसातून अनेकदा, आणि रात्रीही, हजारो माणसे एकाच वेळी रस्त्यावर येत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हळूहळू गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये व उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यातला एक विचित्र भाग असा की बेकार झालेल्या अनेक कामगारांनी पोटासाठी स्वतःच वडापावच्या गाड्या लावल्या, म्हणजे ज्या काळात फाटकासमोरचे गिऱ्हाईक आटत होते त्याच काळात विकणारे वाढत होते. आपल्या मामांच्या हाताची चव बदलली नसेलही, पण एवढ्याने त्यांच्या कढईतला वेग नक्कीच मंदावला असेल.

आता चिरंजीवांचा अर्धा भाग. साच्यांच्या खडखडाटात, दमट हवेत, तासन्‌तास उभ्याने काम करून बाहेर आलेल्या माणसाला तिखट, खारट आणि गरम असे काहीतरी हवे असते, आणि वडिलांच्या शेजारी उभे राहून खाणाऱ्या मुलालाही त्या भुकेतला थोडा वाटा मिळतो. डोंबिवलीच्या घरी, टेबलाशी बसून, चार वाजताच्या चहाबरोबर ती भूक आणता येणार नाही. ती सोडून बाकी पुष्कळ काही आणता येईल.

बटाटे सालीसकट उकडून पूर्ण गार होऊ द्यावेत, शक्य असल्यास सकाळी उकडून संध्याकाळी वापरावेत. गरम बटाटा कुस्करला की त्यातला स्टार्च चिकट होतो. गार बटाटा हाताने फोडला की त्याचे बारीक खडे राहतात आणि गाडीवरच्या वड्यात दाताखाली यायचे ते हेच खडे. मिक्सर किंवा किसणी या कामी वापरू नये. शक्यतो जुना बटाटा घ्यावा, कारण नव्या बटाट्यात पाणी जास्त असते. आले, लसूण आणि हिरवी मिरची जाडसर ठेचावी. पिठात गरम तेलाचे मोहन घालावे आणि सोडा चिमटीपलीकडे नेऊ नये, कारण सोडा वाढला की आवरण तेल धरते. पिठाचे जे थेंब कढईत सुटून तळले जातात तो चुरा फेकून देऊ नका. थोडा पावात भरा आणि थोडा सुके खोबरे, लसूण व लाल तिखट यांच्या चटणीबरोबर कुटा. आपल्या चटणीत जे कमी पडते आहे ते बहुधा हेच असावे.

सर्वांत कठीण अट शेवटची आहे. सगळे वडे आधी तळून मग पाने मांडायची, ही घरगुती शिस्त मोडावी लागेल. खाणाऱ्यांनी ओट्यापाशी उभे राहावे, चार वड्यांचा घाणा काढावा, तो संपला की दुसरा सोडावा. (तळणाऱ्याला शेवटी एकट्याने खावे लागू नये म्हणून आपण दोघांनी झारा आळीपाळीने धरावा, एवढी सूचना मी करतो.)

बाहेर खायचे असेल तर कोणत्या गाडीवर जावे यापेक्षा कोणत्या वेळी जावे हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. आपल्यापासून कल्याण जवळ आहे आणि तेथील खिडकी वडा आपण खाल्ला असेलच. मुंबईत दादरची छबिलदास गल्ली, प्रभादेवीला कीर्ती महाविद्यालयाजवळची गाडी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे १९३९पासूनचे ‘आराम’ ही ठिकाणे नावाजलेली आहेत. परंतु तेथेही दुपारी तीनला गेल्यास निराशा होऊ शकते आणि कार्यालये सुटण्याच्या वेळी एखाद्या अनोळखी गाडीवर आपल्याला मामांच्या हातचा वडा मिळू शकतो. परातीत रास दिसली तर पुढे चालू लागावे. कढईभोवती माणसे थांबलेली दिसली तर आपणही थांबावे. पूर्वीसारखा वर्तमानपत्राचा कागद मिळाला नाही तर मात्र खंत करू नये. छापील कागदात खाद्यपदार्थ देणे अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही, आणि शाई पोटात न गेलेलीच बरी.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी वडापावचा इतिहास लिहायचा आहे. तो नेमका कोणी सुरू केला? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत.
– एक वाचक भगिनी, विलेपार्ले

उत्तर : सर्वसाधारणपणे मान्य असलेली माहिती अशी की अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर वडापाव विकण्यास सुरुवात केली. त्याच सुमाराचे दादरचेच सुधाकर म्हात्रे यांचेही नाव घेतले जाते. प्रकल्पात दोन्ही नावे द्यावीत, म्हणजे घरातील तहही होईल. बटाटेवडा त्याआधीपासून महाराष्ट्रात होता आणि पाव पोर्तुगिजांच्या वाटेने आलेला होता. या दोघांची गाठ घालण्याचे काम दादरला झाले. शिवसेनेची स्थापनाही १९ जून १९६६चीच, आणि मराठी तरुणांनी नोकरीच्या मागे न लागता छोटे धंदे करावेत या तिच्या आवाहनामुळे पुढील काळात वडापावच्या गाड्यांना मोठे बळ मिळाले, हे नमूद करणे योग्य ठरेल. मात्र वडापाव पक्षाने शोधला, असे लिहू नये.

मुलीला एक निरीक्षण स्वतः करायला सांगा. दादरसारख्या स्थानकावर, पुढची गाडी यायच्या आत, एका हाताने धरून, ताट-वाटीशिवाय खाता येतील असे किती मराठी पदार्थ आहेत, याची यादी तिने करावी. यादी फार लांब होणार नाही.

प्रश्न : आमच्या भागातील बेकरीवाले म्हणतात की लाकडाची भट्टी बंद केल्यावर पाव पूर्वीसारखा होणार नाही. मग वडापावही बदलणार का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील हवेच्या प्रदूषणाची दखल घेताना लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. बेकरीवाल्यांची अडचण खरी आहे, कारण नवी भट्टी बसवणे खर्चाचे असते आणि जागा जुन्या व अपुऱ्या असतात. चवीबाबतची भीती मला तेवढी खरी वाटत नाही. पावाचे वरचे पातळ, तपकिरी कवच आणि आतला मऊपणा हे मुख्यतः तापलेल्या विटांच्या उष्णतेने साधतात. विटा लाकडाने तापल्या की गॅसने, हे पिठाला कळत नाही. विटांची भट्टीच काढून तिच्या जागी पत्र्याची पेटी आणली, तर मात्र फरक पडेल, आणि बेकरीवाल्यांशी बोलताना हा तपशील विचारून घ्यावा.

माझी खरी काळजी पिठाबद्दल आहे. पीठ रात्रभर सावकाश फुगवण्याऐवजी यीस्ट वाढवून घाईने फुगवले जाते, तेव्हा पाव दिसायला मोठा होतो, पण बोटाने दाबल्यावर बसतो आणि वड्याच्या वाफेने चिकट होतो. हे लाकडाच्या भट्टीवरही घडते आणि पुष्कळ ठिकाणी केव्हाच घडलेले आहे. आपल्या बेकरीवाल्याला पीठ किती तास ठेवतो ते विचारा. तो उत्तर देण्यास उत्सुक दिसला तर त्याच्याकडूनच घेत जा. लादी त्याच दिवशी वापरावी, उरल्यास स्वच्छ कापडात गुंडाळून बाहेर ठेवावी. फ्रिजमध्ये पाव अधिक लवकर शिळा होतो.