सही करता येईल अशी मागणी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं निवेदन वाचलं. ‘ग्रामीण मुलींच्या शिक्षणातील अडथळे दूर करावेत’ या ओळीवर कुठलाही अधिकारी सही करू शकत नाही. अडथळा कोणता आणि तो कुणाच्या टेबलावर सुटतो, हे आधी शोध.

पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहेच. धोरण आहे, अडलंय ते गाडीच्या वेळेवर. मग लिही: ‘शाळा पाचला सुटते, शेवटची गाडी सव्वाचारला जाते, ती साडेपाचला सोडावी.’ हे काम आगार व्यवस्थापकाचं, तिथे अडलं तर विभाग नियंत्रकाचं. गाडीच नसेल आणि तुझा तालुका राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या 125 मागास तालुक्यांत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा; त्या कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी गाड्या मिळतात.

‘भारमान कमी आहे’, म्हणजे गाडीत पुरेसे प्रवासी नसतात, हे उत्तर येणारच. म्हणून दोन आठवडे थांब्यावर मोजणी कर: कोणत्या गावच्या किती मुली, घरी किती वाजता पोचतात. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाक. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘गाडी का रद्द केली?’ असं विचारू नकोस. कारणं सांगायला ते बांधील नसतात. रद्द फेऱ्यांच्या नोंदीची प्रत माग.

मार्गावरच्या सगळ्या गावांचे ग्रामसभेचे ठराव एकाच शब्दांत हवेत. गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा लागतो. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घे आणि निवेदनाच्या पोचवर आवक क्रमांक लिहून घे, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बहुतेकांची चूक पुढे होते. सव्वाचारच्या गाडीची वेळ बदलली की बाजारहून, दवाखान्यातून परतणारे खोळंबतात आणि त्यांचं उलट निवेदन येतं. त्यांना आधीच भेट. गाडी मुक्कामी करावी लागली, तर चालक-वाहकांना झोपायला खोली, पाणी, स्वच्छतागृह ग्रामपंचायत देईल, हे ठरावातच घाल.

नव्या खर्चाची मागणी असेल तर पैशाची वाटही दाखव. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचंच बघ: कायदा 1977 चा. त्यासाठी पैसा उभा करणारा व्यवसाय कर 1975 मध्येच आला होता. राज्याचा अर्थसंकल्प सहसा मार्चमध्ये मांडतात, खात्यांचे प्रस्ताव मात्र दिवाळीच्या सुमारास तयार होतात. फेब्रुवारीतला मोर्चा त्या वर्षापुरता उशिराच पोचतो.

वेळ बदलून मिळाली की मोजणी थांबवू नकोस. पहिल्या महिन्यात गाडी रिकामी धावली तर फेरी बंद होते, म्हणून रोजचा आकडा दर शनिवारी आगारात नेऊन दे.