अधिवेशन नसताना खासदार दिवसभर करतात तरी काय?

मी ठाण्यात एका खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात काही वर्षं काम केलंय. (कुठला पक्ष ते विचारू नका.) संसदेची अधिवेशनं वर्षातून तीन, मग बाकीचे दिवस काय, असं तुम्ही विचारलंय. बाकीच्या दिवसांतच माणूस जास्त दमतो.

सकाळी शटर वर जायच्या आधी माणसं दारात हजर. त्यांतल्या निम्म्यांचं काम खासदाराचं नसतंच. गटार तुंबलंय, पाण्याला प्रेशर नाही, सोसायटीच्या चेअरमनशी वाजलंय. पण लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. नवी मुंबई महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्याची 2022 मध्ये. निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. माणसं जाणार कुठे? मग साहेबच वॉर्ड ऑफिसला फोन लावायचे.

त्यानंतर पत्रं. रेल्वेचं वेटिंगचं तिकीट ईक्यूतून (इमर्जन्सी कोट्यातून) कन्फर्म करा, ऑपरेशनसाठी पंतप्रधान मदत निधीला शिफारस द्या. लोकांना वाटतं लेटरहेड म्हणजे सीट पक्की. अहो, गणपतीत कोकणच्या गाड्यांसाठी सगळ्याच साहेबांची पत्रं गेलेली असतात! केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशाचा खासदार कोटा 2022 मध्ये बंद झाला तेव्हा ऑफिसात आम्ही चक्क पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. जागा दहा, आणि नाराज होणारे कितीतरी.

खासदार निधी वर्षाला 5 कोटी. ठाणे मतदारसंघात मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत सहा विधानसभा क्षेत्रं येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला कोटीसुद्धा येत नाही. शिवाय पैसा साहेबांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची.

संध्याकाळी लग्नं, सत्यनारायण, उद्घाटनं. लग्नाला नाही गेलं तर लोक समजून घेतात, दहाव्याला नाही गेलं तर निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

दिल्लीचं काम वेगळंच. प्रश्नाची नोटीस साधारण 15 दिवस आधी द्यायची, मग सोडत. दिवसाला 20 तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं) यादीत लागतात, पण तासाभरात तोंडी उत्तर मोजक्यांनाच मिळतं. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, बोलायलाही सकाळी दहाच्या आत नोटीस हवी. माझ्या मते खरं काम होतं ते संसदेच्या स्थायी समितीत, म्हणजे एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या गटात. मंत्रालयाचे सचिव समोर बसतात, खर्चाचा हिशेब विचारता येतो, आणि पक्षाचा गोंगाटही कमी असतो. पण बैठक बंद दाराआड, कॅमेरा नाही. तिथे तयारी करून जाणाऱ्याला ठाण्यात कोण ओळखतं? दहीहंडीच्या स्टेजवर दिसला की मात्र फोटो सगळीकडे.

तुमच्या खासदाराने काय प्रश्न विचारले ते संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतं, बघा एकदा. आणि भेटायला जाणार असाल तर अधिवेशनाच्या काळात शनिवार-रविवार गाठा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.