पाय उचलून धरतो, चटईवर टेकवतच नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. धरून उभा राहतो, भिंतीभिंतीनं चार पावलं सरकतो. यांनी मोबाईलवर पाहून त्याच्यासाठी रंगीत चटया मागवल्या. एकमेकांत अडकवायचे आठ तुकडे आहेत. एकावर गोटे, एकावर गवत, एकावर टोकदार बोंडं. साडेअठराशे रुपये गेले. खोक्यावर लिहिलंय की यानं मेंदूचा विकास होतो आणि सपाट पाय बरे होतात. पण त्यावर उभं केलं की हा दोन्ही पाय पोटाशी घेतो, बोटं आवळतो, रडून रडून लाल होतो. सासूबाई म्हणतात, "हे काटे कायले आनले लेकराच्या पायाले? आंगनात सोड त्याले." नागपूरची नणंद म्हणते, रोज दहा मिनिटं जबरदस्तीनं उभं कर, आपोआप सवय होते. त्याचे पाय तर सपाटच दिसतात. त्याच्यात काही कमी आहे का?
– एक आई, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पोरी, आधी त्या आठही चटया पलंगाखाली सरकव. तू लिहिलंस त्यात तरी लेकराचं काही बिघडलेलं मला दिसत नाही. तुलाच कोणी उचलून तुरीच्या धसकटांवर अनवाणी उभं केलं, तर तू काय करशील? तो तेच करून राहिला. तळपायाला काही लागलं की बोटं आवळायची, ही तान्ह्या लेकरांची उपजत सवय. वर्षाच्या आसपास, पोर उभं राहायला लागतं त्या दिवसांत ती सुटत जाते. तुझा मुलगा नेमका त्याच उंबरठ्यावर आहे.

पाय सपाट दिसतात म्हणतेस. या वयात सगळ्यांचेच दिसतात. तळव्याखाली चरबीची गादी असते, तिच्यात कमान झाकलेली असते. पाच-सहा वर्षांचा होईस्तोवर ती हळूहळू दिसायला लागेल. जे दुखणंच नाही ते बरं करण्याचं वचन खोक्यावर छापलंय, तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नकोस. नणंदेला माझा नमस्कार सांग, पण दहा मिनिटांची जबरदस्ती नको. ज्या चटईवर रडवलं, तिच्याकडे पोर पुन्हा आपणहून जात नाही.

सासूबाईंचं मात्र बरंचसं खरं आहे. त्या रांगल्या त्या सारवलेल्या जमिनीवर. सारवणात बोटांच्या रेघा, मध्येच एखादी काडी, उंबऱ्याशी दगड, बाहेर मुरूम. तुमच्याकडे आता टाइल्स असतील, म्हणजे लेकराच्या पायाखाली स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत एकच गुळगुळीतपणा. त्याला वेगळं काही माहीतच नाही, आणि एकदम बोंडं आली. अंगणात सोडायचं तर सकाळी, ऊन चढायच्या आत. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. गोठ्याच्या आणि उघड्यावर शौचाला बसतात त्या बाजूला अजिबात नको. अंकुशकृमी नावाचा जंत तळपायाच्या कातडीतून आत शिरतो. वर्ष पूर्ण झालं की अंगणवाडीतली जंताची गोळी चुकवू नकोस. एवढ्या लहानांना ती अर्धी असते, चुरून पाण्यातून द्यायची.

आता घरीच एक पट्टी शिव. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका असताना आमच्या गटातल्या बायकांकडून अशा कितीतरी शिवून घेतल्या. खाली तागाच्या पोत्याची दुहेरी घडी. पोतं धान्याचं घे. युरियाचं, बियाण्याचं तर घरातसुद्धा आणू नकोस. गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळव. त्यावर दीड-दीड वीत लांबीरुंदीचे चौकोन टाचत जा. पहिला जुन्या लुगड्याच्या गोधडीचा, धावदोऱ्याच्या टाक्यांनी भरलेला, मऊ. दुसरा उघडं गोणपाट. तिसरा पुन्हा मऊ, चादरीचा. चौथा शिंदीच्या चटईचा तुकडा, कडा मात्र कापडात दुमडून घे, नाही तर पात्याची टोकं टोचतात. पाचवा जीन्सच्या कापडाचा बंद कप्पा, आत सरकी. सहावा तसाच कप्पा, आत चिंचोके. मध्ये मध्ये मऊ ठेवायचं ते मुद्दाम. एक खरबरीत झालं की पायाला विसावा लागतो. सरकी जिनिंगमधून किंवा ढेपवाल्याकडून आण. पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणं भरू नकोस, त्याला औषध चोळलेलं असतं.

एक गोष्ट मला सांगायची नव्हती, पण सांगते. पहिल्या वर्षी मी कप्पे केले नव्हते. चिंचोके आणि शर्टाची बटणं वरच टाचली होती, दिसायला फार छान. तिसऱ्या दिवशी दोन वर्षांची एक पोर कोपऱ्यात बसून दोरा उसवत होती. मदतनीस बाईचं लक्ष गेलं तोवर चिंचोका नाकात. बैलगाडीनं प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी चिमट्यानं काढला. तो सगळा रस्ता तिची आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून वर काहीही टाचायचं नाही. जे भरायचं ते आत, दुहेरी शिवणीत, आणि घरातल्या धडधाकट माणसानं ओढून पाहायचं. दर धुण्याला शिवण तपासायची. गुंजा तर आतसुद्धा नकोत. लाल-काळ्या, देखण्या असतात म्हणून बायका आणतात, पण त्या विषारी. एरंडीचंही तेच. बिब्बा तर कोणी घालणार नाही म्हणा, त्यानं कातडी भाजते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

पट्टी झाली की त्याला उभं करू नकोस. तू स्वतः चपला काढून तिच्यावर बस, मांडीवर त्याला घे, त्याची वाटी-चमचा दुसऱ्या टोकाला ठेव. आधी तो हातानं चाचपेल. गोणपाट ओरबाडेल, चिंचोक्यांवर थापटी मारून आवाज ऐकेल. मग गुडघे, मग कधीतरी पाय. आठवडा लागेल, महिना लागेल. आम्हाला प्रशिक्षणात खरखरीत आणि गुळगुळीत पट्ट्यांच्या लाकडी पाट्या दाखवल्या होत्या, मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीतल्या. त्याही बोटांनी चाचपायच्या. १९०७ मध्ये रोमला त्यांनी पहिलं बालगृह काढलं. पुढे डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साहित्याच्या मागे न लागता आसपासच्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आमच्या हाती सरकी आणि चिंचोके आले.

डॉक्टरांना कधी दाखवायचं तेही लिहून ठेव. दीड वर्षाचा झाला आणि आधाराशिवाय चालत नसेल, एक पाय ओढत असेल, पाय लाकडासारखे कडक लागत असतील, येत होतं ते विसरला असेल, किंवा चटईच नाही तर कपडे, आंघोळ, घास, सगळ्याच स्पर्शाला रोज किंचाळत असेल, तर थांबू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून आहे, वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सेविकेला तारीख विचार. गरज वाटली तर ते जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात.

पलंगाखालच्या चटया टाकू नकोस. गवताचा तुकडा दोन महिन्यांनी काढ, गोट्यांचा दीड वर्षानंतर. बोंडांचा तीन वर्षांनी, तोही त्यानं मागितला तर. आणि सासूबाईंना साखर असेल तर त्यांनी गंमत म्हणूनही त्या बोंडांवर उभं राहू नये. साखरेत तळपाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीत चटई ठेवली की उंदीर कुरतडतात. पैसेही नाहीत. काय करावं?
– अंगणवाडी सेविका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, उंदरांनी माझ्याही तीन पट्ट्या खाल्ल्या. सरकी त्यांना फार आवडते. चटईचा नाद सोडा. व्हरांड्याच्या कडेला विटा लावून चार चौकोन करा. एकात चाळलेली वाळू, एकात गोल गोटे, एकात तणस किंवा वाळलं गवत. चौथ्यात घमेल्यात घोटाभर पाणी, ते मात्र खेळ संपला की लगेच ओतून द्या. तीन वर्षांवरच्या मुलांना ओळीनं चालवा, जवळ उभ्या राहा. गोटे मुठीत मावणार नाहीत एवढे घ्या.

चालून झालं की विचारा, कसं लागलं? टोचलं, गुदगुल्या झाल्या, गार लागलं, जे म्हणतील ते. तुमच्याकडे कोलामांची मुलं असतील तर त्यांना त्यांच्या बोलीत सांगू द्या आणि तो शब्द बाकीच्यांकडून म्हणवून घ्या. रोज गप्प बसणारं पोर त्या दिवशी गुरुजी होतं. रात्री वाळूवर तट्टा झाका, वर वीट ठेवा. नाही तर सकाळी मांजरानं आपली सोय करून ठेवलेली असते.