वंशावळ शोधताना गावातल्या लोकांच्या आठवणींवर विसंबावं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत लागले, गाव सुटलं, आता तिथे ना घर ना भाऊबंद. फेरफार आणि आजोबांचा शाळेचा दाखला मिळवलात. आता विचारताय, गावातल्या परक्या म्हाताऱ्या माणसांना भेटून काही हाती लागेल का, की ते ऐकीव म्हणून सोडून द्यावं.

लागेल. आणि आधी तो ‘परक्या’ शब्द काढून टाका. माझ्या पणजीचा पत्ता मला भाऊबंदांनी दिला नाही. होडीवाल्यांच्या सुनेनं दिला.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं. उजनी धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा मी चौथीत होतो. एका आळीतली माणसं चार ठिकाणी पांगली. कुणी नव्या गावठाणात, कुणी जमीन मिळाली तिकडे, कुणी सरळ पुण्याला. देव टोपलीत घालून आईनं डोक्यावरून आणले. आमची थोरली पाती, म्हणून देव आमच्या घरी. पाच टाक, म्हणजे देवाची आकृती उठवलेले धातूचे लहान पत्रे : खंडोबा, भवानी, जोतिबा, एक वीर आणि एक नुसता बाईचा. हातात शस्त्र नाही, खाली वाहन नाही, नुसती उभी बाई. आम्ही तिला ‘आई’ म्हणून हळदकुंकू वाहायचो. कुठली देवी, हे कुणी विचारलं नाही.

आमचे चुलत चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणतात, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर वंशावळीच्या मागे लागले. माणूस मेहनती, यात वाद नाही. हक्कनोंदीची पत्रकं काढली, मोडी वाचणाऱ्याला पैसे देऊन वाचून घेतली, सात पिढ्या लावल्या. भावकीच्या मेळाव्यात त्या वंशावळीचा भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर एकही बाई नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “कागदात ज्याचं नाव, तेच आपण लिहिलं. तोंडी गोष्टींना सातबारा नसतो.” हे वाक्य मला तेव्हापासून बोचतंय आणि खरं सांगायचं तर हे उत्तर त्यामुळेच लिहितोय.

२०१६चा उन्हाळा आठवतो का? लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. तो मृतसाठाही वापरायची वेळ आली की आमच्याकडे ‘धरण वजा गेलं’ म्हणतात. त्या वर्षी धरण वजा पन्नास टक्क्यांपर्यंत खाली गेलं. पाणी इतकं उतरलं की पलीकडच्या काठाला पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, लोक गाड्या करून बघायला गेले. आमच्या गावचं देऊळ तेवढं मोठं नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे कुणी आलं नाही. पण गाव वर आलं होतं.

आम्ही सातआठ जण गेलो. व्हॉट्सॲपवर गावाचा ग्रुप आहे, त्यात कुणीतरी लिहिलं की वेस दिसायला लागलीय, तेवढंच निमित्त. बरोबर पंच्याऐंशीच्या पुढची एक कोळ्याची म्हातारी होती, तिला नातवानं मोटरसायकलवरून आणलं होतं. त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होडी होती, उताराचं काम त्यांचं. गावात काय राहिलं होतं? नुसती जोती. चाळीस वर्षांचा गाळ वाळून तडकलेला, त्यात दगडांच्या रांगा. मी दहा वर्षं राहिलेलं माझं स्वतःचं घर मला ओळखता येईना. म्हातारीला मात्र सगळं दिसत होतं. काठी टेकत ती घरं मोजत निघाली. हा पार, हे सुताराचं, ही मधली बोळ, हे तुमचं पेव, यात एकदा शेरडू पडलं होतं. दुसरे दोघे म्हातारे मधे बोलायचे, “न्हाई, सुताराचं पल्याड,” मग तिघांची जुंपायची आणि त्या भांडणातून बरोबर जागा सापडायची.

आमच्या जोत्यावर आल्यावर ती बसली आणि मला म्हणाली, “लेकरा, तुमच्या देवात त्यो बाईचा टाक हाय का अजून?”

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या देवघरात काय आहे हे हिला कसं ठाऊक?

मग तिनं सासूकडून ऐकलेलं सांगितलं. मानमोडीची साथ होती. तुमच्या घरची सून नदीपल्याड माहेरी गेली होती, कडेवर दोन वर्षांचा पोरगा. तिकडेच ताप भरला. माहेरच्यांनी आणून सोडलं ते आमच्याच होडीतनं. माझ्या सासऱ्यानं तिला उचलून वर घेतली. आठ दिवसांत बाई गेली, आणि त्याच पंधरवड्यात आमच्याही घरातलं एक पोर गेलं, म्हणून सासू हे मरेपर्यंत सांगायची. तुझ्या पणज्यानं मग दुसरी केली. दुसरीनं सवतीचा टाक करून घेतला, आधी गळ्यात बांधला, मग देवात ठेवला. तो पोरगा म्हणजे तुझा आजा.

म्हणजे ज्या पणजीचा फोटो आमच्या घरात हार घालून लावलाय, ती माझ्या आजोबांची सावत्र आई. तात्यांचे वडील तिच्या पोटचे, माझे आजोबा पहिलीचे. आजोबा १९८०च्या दशकात गेले, पण हे कधी बोलले नाहीत. त्यांना आई म्हणून तीच आठवत असणार.

आता कागद. मी तात्यांच्याच वाटेनं गेलो, हे कबूल करतो. तालुक्याच्या अभिलेखात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, १९१८ साल काढून घेतलं. मानमोडी म्हणजे त्या सालचा इन्फ्लुएंझा. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, त्यात तरण्याताठ्या बायका फार. ऑक्टोबरच्या पानावर ओळीला ओळ लागून नोंदी आहेत, लिहिणाऱ्याचा हात दमलेला दिसतो. त्यात आमच्या पणजोबांचं नाव, आणि पुढे ‘याची बायको, वय २२, ताप’. एवढंच. त्या बाईला स्वतःचं नाव नाही.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. ही ओळ तात्यांनी आधी पाहिलेली असणार, कारण त्याच वहीतून त्यांनी पणजोबांच्या भावाची मृत्युतारीख काढली होती. त्यांना ती दिसून दिसली नाही, कारण ती ओळ कुणाची हे सांगायला शेजारी होडीवाल्यांची सून नव्हती. तारीख कागदानं दिली. पण तो कागद कुठला काढायचा, कुठलं साल, कुठला महिना, हे म्हातारीच्या ‘मानमोडी’ या एका शब्दानं ठरलं.

नावही आठवणीतूनच मिळालं. भीमा म्हणजे जिल्ह्याची हद्द : अलीकडे सोलापूर, पलीकडे पुणे. कागद हद्दीपाशी थांबतो, लग्नं थांबत नाहीत. तिचं माहेर इंदापूर तालुक्यात, तेही गाव उठलेलं. नव्या गावठाणात जाऊन विचारलं, तर तिच्या भावाची पणती भेटली. त्यांच्या घरात ‘नदीपल्याड दिलेली, मानमोडीत गेलेली’ आत्या आजही सांगतात, आणि नावानिशी सांगतात. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते आता आमच्या वंशावळीत आहे. निदान माझ्याकडच्या वंशावळीत.

तात्यांना सगळं दाखवलं. आधी म्हणाले, कोळ्याच्या म्हातारीला आपल्या घरातलं काय कळतंय. नंतर म्हणाले, वय २२ म्हणजे ती दुसऱ्याच कुणाची बायको असेल, त्या नावाची माणसं गावात चार होती. शेवटी खरं बोलले : “आमच्या आजीला दुसरेपणाची ठरवायला निघालास का?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचतंय. तात्या, तुमच्या आजीनं सवतीचं पोर पोटच्यासारखं वाढवलं, ते इतकं की त्या पोराच्या नातवाला पन्नाशीपर्यंत पत्ता लागला नाही. मेलेल्या सवतीला तिनं गळ्यात बांधलं आणि रोज हळदकुंकू वाहिलं. हे लपवून तुम्ही तिचा मान राखत नाही, तिचं मोठेपण पुसताय.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

एकेकट्या माणसाची मुलाखत घेऊ नका. दोघातिघांना एकत्र बसवा, शक्यतो वेगवेगळ्या आळीतल्या, वेगवेगळ्या जातीच्या माणसांना. भाऊबंद आपल्या घराण्याची शोभा सांगतात. न्हावी, कोळी, परीट, सुतार यांच्या घरातली माणसं तुमच्या घरात खरं काय झालं ते सांगतात, कारण बाळंतपणापासून मयतापर्यंत ती तिथे हजर होती. ‘माझे पणजोबा कोण’ असं विचारलंत तर कुणाला सांगता येणार नाही. ‘आमचं घर कुणाच्या शेजारी होतं’ विचारा. जमिनीवर काडीनं आळी काढायला लावा. घरं लागली की माणसं आपोआप लागतात.

सन विचारू नका. आमच्या आजोबांच्याच दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, तुमच्याही आजोबांच्या असेल तर ती गुरुजींनी घातलेली, तिच्यावर काही बांधू नका. त्यापेक्षा विचारा, मानमोडीच्या आधी की नंतर, प्लेगात गाव माळावर झोपड्या करून राहिलं तेव्हा ते होते का, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण केवढं होतं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. त्या रात्री तान्हं पोर घेऊन कोण बाहेर धावलं हे बायकांना पक्कं आठवतं, आणि तुम्हाला जन्मसाल मिळून जातं.

भावकी कुठवर, हे शोधायचं असेल तर सुतक विचारा. कुणाकुणाच्या घरचं सुतक आपल्याकडे धरायचे, ही यादी म्हाताऱ्या बायकांइतकी बिनचूक कुठल्याच दप्तरात नाही. त्यांना माहेरही विचारा, प्रत्येक सुनेचं. आणि देवघर बघा, टाक मोजा, प्रत्येक टाक कुणाचा ते विचारा. आम्ही चाळीस वर्षं रोज पूजा करत होतो आणि विचारलं नव्हतं. तुमच्या भागात हेळवी येत असतील तर त्यांनाही गाठा. पिढीजात वंशावळ सांगणं हा त्यांचा धंदाच आहे. पण ते मुख्यतः पुरुषांची साखळी सांगतात, तिथे तात्यांचाच प्रकार.

लेकी आणि सुना लिहा. नाव मिळालं नाही तर मोकळी जागा ठेवा, पण जागा ठेवा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या राहून गेल्या. आठवण चुकतेही. आमच्या म्हातारीनं दुष्काळ आणि मानमोडी एकत्र केली होती. लोक दोन पिढ्यांची एक करतात, आणि प्रत्येक गावात मूळपुरुष महाराजांच्या सैन्यातच असतो. त्याला पुरावा मागा. तुम्हाला हे सगळं जातीच्या दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या दाव्यासाठी हवं असेल, तर आठवणी एकट्यानं कामाच्या नाहीत, तिथे कागदच लागेल. आणि दत्तक, दुसरी बायको, घरातून निघून गेलेली मुलगी असं काही समोर आलं तर ज्यांच्या घरचं आहे त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. मी टाकलं होतं. त्यामुळे तात्या वर्षभर बोलत नव्हते, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर होते.

उशीर करू नका. ती म्हातारी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. फोनवर केलेलं तिचं रेकॉर्डिंग बावीस मिनिटांचं आहे. त्यातली पंधरा मिनिटं वाऱ्याचा आवाज.

तुम्ही गावाचं नाव लिहिलं नाहीत. भीमाकाठचं असेल तर इथेच कळवा, आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही काठांची माणसं आहेत, आळी सांगितली तर कुणीतरी ओळख काढेल. गावही धरणात गेलेलं असेल, तर धरण वजा जाईल त्या वर्षी मेअखेरीस जा. पाणी उतरल्या उतरल्या जाऊ नका, गाळ वाळायला आठदहा दिवस लागतात, तोवर रुतलेला पाय बाहेर येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला एक घडीची खुर्ची न्या. तिथे सावलीला एकही झाड राहिलेलं नाही.