जुना फोन एटीएला जोडताय? आधी एवढं बघा

एटीए म्हणजे साधा फोन इंटरनेटवरून चालवणारा छोटा डबा. त्याला जोडलेल्या फोनच्या डिस्प्लेवर कॉल करणाऱ्याचा नंबर येत नाही म्हणून लगेच फोन भंगारात काढू नका. ग्रँडस्ट्रीम कंपनीचा एचटी८०१ एटीए असेल तर रिसीव्हर उचलून *** (स्टार तीनदा) आणि मग ०२ दाबा, डबा स्वतःच आयपी पत्ता वाचून दाखवतो. तो ब्राउझरमध्ये टाकून ‘कॉलर आयडी स्कीम’ शोधा, म्हणजे फोनला नंबर कोणत्या पद्धतीने पाठवायचा ते ठरवणारं सेटिंग. त्यातल्या बेलकोर पद्धतीत नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो. पहिल्याच रिंगला झडप घातलीत तर तो दिसणार कसा? फोन डीटीएमएफवाला (बटणांच्या टोनमधून नंबर ओळखणारा) असेल तर यादीतले डीटीएमएफचे पर्याय एकेक लावून बघा.

तिघांची कॉन्फरन्स सोपी आहे: चालू कॉलमध्ये फ्लॅश (फोनवरचं बटण, किंवा हूक क्षणभर दाबून सोडणं), *२३, तिसऱ्याचा नंबर, त्याने उचलला की पुन्हा फ्लॅश. फ्लॅश दाबल्यावर कॉलच कटत असेल तर ‘हूक फ्लॅश टायमिंग’ची कमाल मर्यादा थोडी वाढवा.