प्रेमकथेतला काळ

प्रश्न : अलीकडच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांमध्ये ड्रॅगनांच्या जगातली नायिका मला खरी वाटली, पण रीजन्सी काळातली सरदारकन्या पोशाखापुरतीच जुनी भासली. असे का व्हावे?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : अद्भुतरम्य जगाचे नियम लेखकाला स्वतः घडवावे लागतात, त्यामुळे प्रेमाची किंमत काय, हे त्याला आधीच ठरवावे लागते. ऐतिहासिक कादंबरीत मात्र तो काळ गृहीत धरला जातो आणि पानेच्या पाने नृत्यसमारंभांवर खर्च होतात. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० (याच काळात, १८१७ साली, आपल्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले). तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न होताच स्त्रीची जंगम मालमत्ता सर्वसाधारणपणे नवऱ्याची होत असे. हे भय ज्या नायिकेच्या होकारात जाणवत नाही, तिचा होकार मला पोकळ वाटतो.